विश्लेषण : कुणीच न लिहिलेल्या शोधनिबंधाचा शेकडो वेळा संदर्भ कसा दिला गेला? संदर्भसूचीचे नियम कशासाठी असतात?

'द आर्ट ऑफ रायटिंग अ सायंटिफिक आर्टिकल' या शोधनिबंधाचा उल्लेख जवळपास चारशे शोधनिबंधांच्या संदर्भसूचीत सापडला. लेखक व्हान डर गीर, हनराड्स आणि लप्टन. वर्ष २०००, खंड १६३, पृष्ठे ५१ ते ५९. तपशील चोख, मांडणी नियमानुसार. अडचण एकच होती. असा शोधनिबंध कुणी लिहिलेलाच नव्हता आणि तो ज्या नियतकालिकात छापून आल्याचे सांगितले जात होते, ते नियतकालिकही कधी निघाले नव्हते.

पीएच.डी.चा प्रबंध असो, एम.ए.चा प्रकल्प असो किंवा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा अहवाल, संदर्भसूची हा विद्यार्थी सर्वांत शेवटी आणि सर्वांत कंटाळून करतात असा भाग. स्वल्पविराम कुठे, कंस कुठे, आडनाव आधी की नाव, यावरून मार्गदर्शक पाने परत पाठवतात, तेव्हा हा निव्वळ छळ वाटतो. मात्र या स्वल्पविरामांमागे एक व्यवस्था आहे. ती मोडली की काय होते, ते या चारशे निबंधांनी दाखवून दिले.

हा संदर्भ आला कुठून?

एल्सेव्हिअर ही शैक्षणिक प्रकाशन क्षेत्रातील बडी कंपनी. लेखकांनी संदर्भ कसे लिहावेत हे समजावण्यासाठी तिच्या मार्गदर्शिकेत काही नमुने दिलेले असतात. व्हान डर गीर आणि मंडळींचा निबंध हा त्यांपैकीच एक काल्पनिक नमुना. अर्जाच्या नमुन्यावर 'श्री. अबक' असे छापलेले असते, तसा. अनेक लेखकांनी तयार साच्याच्या फाइलमध्ये आपला मजकूर भरला, पण शेवटचा नमुना-संदर्भ खोडायचा राहून गेला. काहींनी तर मजकुरातही त्या निबंधाचा हवाला दिला.

नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठातील संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक पीटर क्रोनेनबर्ग यांना या निबंधाचा संशय आला. प्रा. आन-विल हार्झिंग यांनी २०१७ मध्ये त्याची कहाणी प्रसिद्ध केली. यातले बहुतांश निबंध परिषदांमध्ये सादर झालेले होते, म्हणजे तपासणी तुलनेने घाईची. तरीही प्रत्येक निबंध लेखक, सहलेखक, परीक्षक आणि संपादक अशा अनेक नजरांखालून गेलेला असणार. सूची आहे की नाही, हे सगळ्यांनी पाहिले. तिच्यातली नोंद उघडून पाहण्याच्या फंदात कुणी पडले नाही.

संदर्भसूची म्हणजे नेमके काय?

सोप्या शब्दांत सांगायचे तर पत्ता. 'अमुक संशोधकाने असे म्हटले आहे' एवढ्यावर वाचकाने विश्वास ठेवावा, अशी अपेक्षा संशोधनात नसते. वाचकाला ते मूळ लेखन स्वतः काढून पाहता आले पाहिजे. त्यासाठी चार गोष्टी लागतात : कुणी लिहिले, कधी लिहिले, काय लिहिले आणि ते कुठे मिळेल. जगातील सगळ्या संदर्भशैली याच चार प्रश्नांची उत्तरे देतात. फरक असतो तो क्रमाचा आणि विरामचिन्हांचा.

ही व्यवस्था दोन टोकांची असते. मजकुरात एक छोटी खूण असते, कंसातले आडनाव आणि वर्ष किंवा एखादा क्रमांक. दुसरे टोक शेवटच्या सूचीत, जिथे पूर्ण पत्ता मिळतो. मजकुरात खूण आहे पण सूचीत नोंद नाही, किंवा सूचीत नोंद आहे पण मजकुरात कुठेच खूण नाही, या दोन्ही चुका प्रबंधांत सर्रास आढळतात. दुसऱ्या चुकीचे कारण बहुधा 'संदर्भसूची' आणि 'ग्रंथसूची' यांतील गोंधळ. संदर्भसूचीत फक्त प्रत्यक्ष हवाला दिलेले लेखन येते. ग्रंथसूचीत वाचलेले, उपयोगी पडलेले पण उद्धृत न केलेले लेखनही येऊ शकते. सूची भरगच्च दिसावी म्हणून न वाचलेली पुस्तके घालण्याची सोय मात्र दोन्हींत नाही.

मग इतक्या शैली कशासाठी?

लेखक आणि वर्ष कंसात देण्याच्या पद्धतीचे मूळ साधारणपणे १८८१ मधल्या एका निबंधात शोधले जाते. हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी तो लिहिला होता आणि त्याचा विषय होता बिनशंखाची गोगलगाय! आज 'हार्वर्ड शैली' म्हणून जी ओळखली जाते, ती ही. त्यानंतर १९०६ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाने आपली नियमपुस्तिका काढली. मानसशास्त्रज्ञांची संघटना असलेल्या एपीएचे नियम १९२९ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा ते अवघे सात पानांचे होते. आज त्या नियमांचा सातवी आवृत्ती गाठलेला जाडजूड ग्रंथ झाला आहे. भाषा-साहित्यातील एमएलए शैलीची नववी आवृत्ती २०२१ मध्ये आली. वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक १९७८ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हरला जमले आणि त्यातून 'व्हँकुव्हर शैली' रूढ झाली. अभियांत्रिकीत आयईईईची चौकटी कंसांतल्या आकड्यांची पद्धत चालते.

एकच नोंद वेगवेगळ्या शैलींत कशी दिसते, ते एका भारतीय उदाहरणावरून पाहता येईल. 'रामन परिणामा'ची माहिती देणारा निबंध १९२८ मध्ये 'नेचर'मध्ये आला. एपीए शैलीत तो असा लिहिला जाईल : रामन, सी. व्ही., आणि कृष्णन, के. एस. (१९२८). अ न्यू टाइप ऑफ सेकंडरी रेडिएशन. नेचर, १२१, ५०१–५०२. व्हँकुव्हर शैलीत नावाच्या आद्याक्षरांतले टिंब आणि मधले स्वल्पविराम गळतात, वर्ष नियतकालिकाच्या नावानंतर सरकते आणि शेवटचा भाग '१९२८;१२१:५०१-२' असा आटोपशीर होतो. आयईईईमध्ये आधी [१] असा क्रमांक, मग 'सी. व्ही. रामन' अशी सरळ नावे, निबंधाचे शीर्षक अवतरणात आणि वर्ष सगळ्यात शेवटी.

हे फरक अगदीच लहरी नाहीत. मानसशास्त्रात संशोधन कितपत ताजे आहे याला वजन असते, म्हणून वर्ष नावाला चिकटून येते. साहित्याच्या अभ्यासकाला नेमकी ओळ कोणत्या पानावर आहे हे हवे असते, म्हणून एमएलएमध्ये मजकुरातच पृष्ठक्रमांक देतात. वैद्यकात शंभर-दीडशे संदर्भ असलेले लेख नित्याचे असतात, तिथे जागा वाचवणे महत्त्वाचे. अर्थात सगळ्याच नियमांना असे समर्थन सापडत नाही. एपीएमध्ये खंडाचा क्रमांक तिरप्या टायपात आणि त्याला खेटून कंसात येणारा अंकाचा क्रमांक मात्र सरळ टायपात का, याचे पटणारे उत्तर मिळणे कठीण आहे. रस्त्याच्या डाव्या बाजूने चालायचे की उजव्या, यासारखेच ते. कोणतीही बाजू चालते, पण सगळ्यांनी एकच धरावी लागते.

नियम बदलतातही. पूर्वी पुस्तकाच्या नोंदीत प्रकाशनाचे गाव देणे आवश्यक असे. एपीएने २०१९ च्या आवृत्तीत ते काढून टाकले, शिकागोनेही २०२४ च्या अठराव्या आवृत्तीत त्याची सक्ती ठेवली नाही. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचा सिनियरचा प्रबंध समोर ठेवून सूची तयार करणे धोक्याचे आहे. 'पुणे :' लिहायचे की नाही, हे त्या प्रबंधावरून कळणार नाही. कोणती शैली आणि तिची कितवी आवृत्ती, हे विभागाला किंवा नियतकालिकाला आधीच विचारून घ्यावे लागते.

'आडनाव आधी' हा नियम भारतीय नावांना बसतो का?

पूर्णपणे नाही. वरचेच उदाहरण घ्या. सूचीत 'रामन' आणि 'कृष्णन' आडनावाच्या जागी बसले आहेत, पण ती त्यांची आडनावे नव्हेत. दोन्ही स्वतःची नावे आहेत. चंद्रशेखर हे रामन यांच्या वडिलांचे नाव, श्रीनिवास हे कृष्णन यांच्या वडिलांचे. नाव आणि आडनाव अशी विभागणी गृहीत धरणारे नियम दक्षिणेकडच्या नावांपुढे अडखळतात. सॉफ्टवेअर तर बिनदिक्कत शेवटचा शब्द उचलते आणि त्याला आडनाव ठरवते.

महाराष्ट्रात आडनावे आहेत, पण मोजकीच आडनावे हजारो संशोधकांत वाटलेली आहेत. 'पाटील, एस.' या नोंदीवरून संदीप, स्वाती, सचिन की सुनंदा हे कसे कळणार? एपीएचा यावर नियम आहे : एकाच आडनावाचे दोन वेगळे मुख्य लेखक असतील तर मजकुरातल्या कंसातही आद्याक्षरे द्यावीत. तरीही दोन 'एस. पाटील' उरतातच. २०१२ मध्ये सुरू झालेली 'ऑर्किड' ही सोळा अंकी ओळख अशा वेळी कामाला येते. ती संशोधकाला मोफत मिळते आणि नाव बदलले तरी बदलत नाही. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकांचे काम दोन नावांत विभागले जाते, त्यांच्यासाठी तर ती विशेष उपयोगाची. सूचीत मात्र नाव तेच लिहायचे, जे त्या निबंधावर छापलेले आहे.

टोपणनावांचेही तसेच. 'विशाखा'वर कवीचे नाव कुसुमाग्रज आहे, 'नटसम्राट'वर नाटककाराचे नाव वि. वा. शिरवाडकर. माणूस एकच. सूचीत दोन्ही नोंदी आपापल्या अक्षराखाली, पुस्तकावर असेल त्या नावाने येतात. हवे तर 'शिरवाडकर, वि. वा. : कुसुमाग्रज हेही पाहा' अशी जोडनोंद देता येते. शिरवाडकरांच्या नावाखाली 'विशाखा' टाकली, तर ग्रंथालयात त्या नावाने शोधणाऱ्याच्या हाती कदाचित काहीच लागणार नाही.

संतसाहित्यात तर पृष्ठक्रमांकही पुरत नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रती अनेक, प्रत्येकीची पाने वेगळी. म्हणून अध्याय आणि ओवी द्यायची पद्धत आहे. तुकारामांच्या गाथेत अभंगांचे क्रमांकही प्रतीनुसार बदलतात. सरकारने छापलेल्या गाथेतला क्रमांक विष्णुबुवा जोगांच्या गाथेत शोधायला गेल्यास भलताच अभंग समोर येऊ शकतो. कोणती प्रत वापरली, हे सूचीत असल्याशिवाय अभंगाच्या क्रमांकाला अर्थ नाही.

मराठीतून प्रबंध लिहिणाऱ्यांपुढे वेगळ्या अडचणी कोणत्या?

पहिली अडचण फॉन्टची. आजही अनेक प्रबंध डीटीपीवाल्याकडे जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप होतात. पडद्यावर 'क' दिसतो, पण फाइलमध्ये प्रत्यक्षात एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह साठवलेले असते. छपाईत काही कळत नाही. पण सूची अकारविल्हे लावायची आज्ञा दिली की नावे वाटेल तशी विस्कटतात, कारण संगणक त्या आतल्या रोमन चिन्हांचा क्रम लावत असतो. अशा फाइलची पीडीएफ संकेतस्थळावर चढवली, तरी त्यात 'कुलकर्णी' शोधून सापडत नाही.

युनिकोड वापरले तरी अकारविल्हेचा पेच पूर्ण सुटत नाही. नुसत्या युनिकोड क्रमांकानुसार नावे लावली तर 'ळ' हे 'ल'च्या लगेच पुढे, 'व'च्या आधी येते. शाळेत पाठ केलेल्या वर्णमालेत ते 'ह'नंतर असते. 'क्ष' हे युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर नाही, 'क' आणि 'ष' यांची ती जोडणी. त्यामुळे क्षीरसागर हे कोलते आणि खरे यांच्या मधोमध जाऊन बसतात. वर्णमालेच्या तक्त्याप्रमाणे ते सूचीच्या अखेरीस हवेत, तर जोडाक्षर मानून 'क'खाली ठेवणारेही आहेत. कोणतीही एक पद्धत चालेल, पण क्षीरसागर 'क'खाली आणि ज्ञानेश्वर मात्र शेवटी, असे होऊ नये.

दुसरी अडचण वर्षाची. जुन्या मराठी पुस्तकांवर इसवी सनाऐवजी शके छापलेले असते. शकात ७८ मिळवले की ढोबळमानाने इसवी सन मिळतो. पण शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते, त्यामुळे शके १८०० म्हणजे इ.स. १८७८ चा चैत्र ते १८७९ चा फाल्गुन. जानेवारी ते मार्चमधल्या प्रकाशनाला ७९ मिळवावे लागतात. महिना माहीत नसेल तर 'शके १८०० (इ.स. १८७८-७९)' असे लिहिणे प्रामाणिकपणाचे.

आवृत्तीचा घोळ त्याहून मोठा. 'कोसला' १९६३ मध्ये देशमुख आणि कंपनीने प्रकाशित केली, नंतरच्या आवृत्त्या पॉप्युलर प्रकाशनाच्या. हातातली प्रत पॉप्युलरची, पृष्ठक्रमांक तिचे आणि सूचीत मात्र '१९६३' एवढेच, अशी नोंद वाचकाला भलत्या पानावर नेऊन सोडते. वापरलेल्या आवृत्तीचे वर्ष आणि प्रकाशक द्यायचे, पहिल्या प्रकाशनाचे वर्ष सोबत जोडायचे. 'कोसला'चा सुधाकर मराठे यांनी केलेला इंग्रजी अनुवाद वापरला असेल, तर अनुवादकाचे नाव वगळणे हा अन्यायच.

तिरप्या टायपाचा प्रश्नही आहे. पुस्तकाचे नाव तिरपे करावे, असे इंग्रजी नियम सांगतात. देवनागरीला तिरप्या अक्षरांची परंपरा नाही, वर्डने जबरदस्तीने वाकवलेली अक्षरे डोळ्यांना खुपतात. मराठी छपाईत ग्रंथनाम एकेरी अवतरणात देण्याची पद्धत चांगली रुळलेली आहे. विभागाची हरकत नसेल तर ती वापरणे शहाणपणाचे. 'तत्रैव'बाबत मात्र सावध राहावे. वरच्याच तळटीपेतला ग्रंथ असा त्याचा अर्थ. नंतर मध्ये एखादी नवी तळटीप घुसवली की सगळे 'तत्रैव' चुकीच्या ग्रंथाकडे बोट दाखवू लागतात. शिकागोनेही त्याच्या इंग्रजी भावंडाऐवजी लेखकाचे आडनाव आणि छोटे शीर्षक पुन्हा देण्याचा सल्ला दिला आहे.

वृत्तपत्रांच्या बातम्यांचा हवाला देताना तारीख पुरेशी नसते. एकाच दिवशी पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आवृत्त्यांत वेगळ्या बातम्या आणि वेगळे पान असते. ई-पेपरमधून घेतले असेल तर आवृत्तीचे गाव आणि पान दोन्ही हवेत.

एखादा आकडा चुकला, तर एवढे काय बिघडते?

वाचकाचा वेळ वाया जातो, हे झालेच. पण १९६४ पासून हे पत्ते माणसांबरोबर यंत्रेही वाचू लागली. यूजीन गारफिल्ड यांनी त्या वर्षी 'सायन्स सायटेशन इंडेक्स' सुरू केला आणि कोणत्या निबंधाचा किती ठिकाणी हवाला दिला गेला, याची मोजदाद शक्य झाली. संशोधकाचा एच-इंडेक्स, नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर ही सगळी गणिते या मोजणीवर उभी आहेत. खंड किंवा पान चुकले की यंत्राला जुळणी सापडत नाही आणि तो हवाला मूळ लेखकाच्या खात्यात जमा होत नाही.

या चुकांनी एक वेगळेच गुपितही फोडले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस संकुलातील मिखाईल सिमकिन आणि वाणी रॉयचौधरी यांनी सुमारे ४,३०० वेळा हवाला मिळालेल्या एका गाजलेल्या निबंधाच्या नोंदी तपासल्या. त्यांतल्या १९६ नोंदींत छपाईच्या चुका होत्या, पण वेगवेगळ्या चुका अवघ्या ४५. पृष्ठक्रमांकाची एकच चूक तब्बल ७८ वेळा आलेली. परीक्षेत दोन उत्तरपत्रिकांत एकसारखे बरोबर उत्तर असेल तर काहीच सिद्ध होत नाही, पण एकसारखे चुकीचे उत्तर असेल तर पर्यवेक्षक भुवया उंचावतो. तसेच हे. नोंद मूळ निबंध पाहून नव्हे, तर दुसऱ्याच्या सूचीतून उतरवली गेली होती. हवाला देणाऱ्यांपैकी सुमारे २० टक्केच मूळ निबंध वाचतात, असा अंदाज या दोघांनी २००३ मध्ये मांडला. तो अंदाज आहे, मोजमाप नव्हे. पण ७८ जणांच्या हातून स्वतंत्रपणे तोच पृष्ठक्रमांक चुकला असेल, यावर विश्वास ठेवणे अवघड आहे.

हे काम सॉफ्टवेअर करत नाही का?

करते, आणि ते वापरायलाच हवे. जॉर्ज मेसन विद्यापीठात २००६ मध्ये तयार झालेले झोटेरो मोफत आहे, त्यात दहा हजारांहून अधिक शैली उपलब्ध आहेत. एपीएमधली सूची आयईईईत बदलायला एक क्लिक पुरते. एखादा निबंध मागे घेतला गेला असेल तर झोटेरो तशी सूचनाही देते. मेंडेली आणि एंडनोट हे इतर पर्याय. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांत लेटेक आणि १९८५ पासूनचे बिबटेक लोकप्रिय.

मात्र सॉफ्टवेअर फक्त मांडणी करते. आत टाकलेली माहिती चुकीची असेल तर ती चूकच नीटनेटकी मांडून मिळते. बिबटेकला जागतिक आरोग्य संघटनेचे इंग्रजी नाव साधेपणाने दिले, तर ते तिला माणूस समजते आणि सूचीत 'ऑर्गनायझेशन, डब्ल्यू. एच.' नावाचे गृहस्थ अवतरतात. दुहेरी महिरपी कंस घातले की हे टळते. गूगल स्कॉलरची तर त्याहून मजेदार उदाहरणे आहेत. हवाई विद्यापीठाचे पीटर याचो यांनी २००९ च्या सुमारास दाखवून दिले की, संकेतस्थळावरील 'फरगॉट पासवर्ड' हे बटण वाचून यंत्राने 'एफ. पासवर्ड' नावाचा लेखक तयार केला होता. गूगल स्कॉलरवरून उचललेली नोंद मूळ निबंधाच्या पहिल्या पानाशी ताडून पाहण्यास पर्याय नाही.

सूचीतील दुसऱ्या ओळीपासून आत सरकलेला मजकूर, म्हणजे 'हँगिंग इंडेंट', अनेक जण स्पेसबार दाबत बसून करतात. फॉन्टचा आकार बदलला की सगळे ढासळते. वर्डमध्ये परिच्छेद निवडून कंट्रोल आणि टी दाबले की काम होते.

एआयमुळे काय बदलले?

आजवर निष्काळजी सूची डोळ्यांना दिसत असे. कुठे वर्ष नाही, कुठे पान नाही, कुठे शैलीच बदललेली. चॅटजीपीटीसारखी साधने मात्र पुढचा संभाव्य शब्द कोणता, याच्या गणितावर मजकूर तयार करतात. संदर्भनोंदीचा साचा ठरलेला असल्याने ती हुबेहूब जमते. लेखक त्या विषयातले, नियतकालिक खरे, कंस-स्वल्पविराम जिथल्या तिथे. फक्त निबंध नसतो. व्हान डर गीर यांचा नमुना निदान माणसाने तयार केलेला आणि एकच होता. आता प्रत्येकाला हवे तितके, हव्या त्या विषयावरचे मिळू शकतात.

२०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एव्हियान्का या विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वात नसलेले खटले न्यायालयासमोर ठेवले. त्यांना पाच हजार डॉलरचा दंड झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये डेलॉइटच्या ऑस्ट्रेलियातील शाखेने तेथील सरकारसाठी केलेल्या ४ लाख ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या अहवालाच्या शुल्काचा काही भाग परत करण्याचे मान्य केले. त्या अहवालातले काही संदर्भ अस्तित्वातच नव्हते. सिडनी विद्यापीठातील एका अभ्यासकाने ते हुडकून काढले.

तपासणी अवघड नाही. बहुतेक नव्या शोधनिबंधांना डीओआय नावाचा कायमस्वरूपी क्रमांक असतो, तो '१०.' ने सुरू होतो. डीओआय डॉट ओआरजी या संकेतस्थळावर तो टाकला की मूळ निबंधाचे पान उघडते. उघडलेले पान त्याच निबंधाचे आहे का, हे पाहणे तितकेच महत्त्वाचे, कारण एआयच्या बनावट नोंदींना कधी कधी दुसऱ्याच निबंधाचा खरा डीओआय चिकटलेला असतो. डीओआय नसलेल्या मराठी पुस्तकासाठी ग्रंथालयाचा कॅटलॉग आणि पुस्तकाचे मुखपृष्ठामागचे पान, हाच मार्ग.

यूजीसीचे नियम काय सांगतात?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, ४० ते ६० टक्क्यांना एक वर्ष प्रबंध सादर करण्यास मनाई आणि त्यापुढे नोंदणीच रद्द. हे साम्य मोजताना संदर्भसूची आणि ग्रंथसूची वगळली जाते, तसेच योग्य श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूरही. म्हणजे लांबलचक सूचीमुळे टक्केवारी वाढेल, ही विद्यार्थ्यांमधली भीती निराधार आहे. टर्निटिनसारखे सॉफ्टवेअर सूचीचे शीर्षक ओळखून पुढचा भाग वगळते, म्हणून ते शीर्षक स्वतंत्र ओळीत, ठळकपणे असावे.

या तपासणीची एक मर्यादा आहे. साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला दुसरीकडे छापलेला मजकूर सापडतो. जो निबंध कुठेच छापलेला नाही, त्याच्याशी साम्य निघणार कसे? बनावट संदर्भ या चाळणीतून अलगद खाली जातो. शिवाय सूची मोजणीतूनच वगळलेली असते. ती पकडण्याची जबाबदारी मार्गदर्शक, परीक्षक आणि मुख्यतः विद्यार्थ्यावरच राहते.

तोंडी परीक्षा पार पडली म्हणून विषय संपत नाही. मान्य झालेले प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा' या संकेतस्थळावर ठेवले जातात. तिथे प्रबंध प्रकरणनिहाय चढवलेला असतो आणि संदर्भसूचीची बहुतेक वेळा स्वतंत्र पीडीएफ असते. ती उघडायला पासवर्ड लागत नाही.